कॅननची एफ १.२ घ्यावी का: ठरवण्याची कृती

कॅननची ५० मिमी एफ १.२ ही लेन्स १९५६ साली आली. लायकाच्या ३९ मिमी आट्यांची, म्हणजे बॉडीवर फिरवून बसवायची. पुढे ५५ मिमीचा फिल्टर लागतो आणि वजन तीनशे ग्रॅमच्या वर, आकाराच्या मानाने चांगलंच जड. आज ती जपानमधल्या विक्रेत्यांकडे सहज मिळते, मुंबईत बोराबाजारातल्या एखाद्या दुकानात कधी दिसते, कधी कुणा निवृत्त फोटोग्राफरच्या कपाटातून निघते. घ्यावीशी वाटली की माणूस आधी तिने काढलेले फोटो बघत बसतो. हा क्रम उलटा आहे. सत्तरीच्या घरातल्या लेन्सचा प्रत्येक नग वेगळं आयुष्य काढून आलेला असतो. कुणी तो उघडला, कुणी पुसला, कुठल्या हवेत तो पडून होता, हे सगळं काचेत उतरलेलं असतं. दुसऱ्या कुठल्यातरी नगाने काढलेला देखणा फोटो तुमच्या पुढ्यातल्या नगाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून आधी गरज तपासायची, मग आपला कॅमेरा, मग नग आणि शेवटी भाव. पहिल्या दोन पायऱ्यांना फारसा खर्च नाही, आणि बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच व्हायला हवा असं मला वाटतं.

साहित्य: सध्याची कुठलीही ५० मिमी लेन्स (एफ २ असली तरी उत्तम), कागदी चिकटपट्टी, मोबाइलचा टॉर्च, मोजपट्टी, ट्रायपॉड, जमल्यास दिवसभरासाठी उसना मिररलेस कॅमेरा, आणि एक कोरा कागद. त्या कागदावर, एकही लेन्स न पाहता, तुम्ही जास्तीत जास्त किती रुपये घालणार तो आकडा लिहून ठेवा.

१. गरज तपासणं

सध्याच्या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा आणि कडं चिकटपट्टीने बांधून टाका. एक अख्खा रोल, किंवा डिजिटल असेल तर आठवडाभर, फक्त उघड्या छिद्रानेच फोटो काढा. घरात, दुकानात, लोकल स्टेशनवर, तुम्ही एरवी जिथे फोटो काढता तिथेच.

मग हिशोब मांडा. ट्यूबलाइटच्या बेताच्या उजेडातल्या खोलीत ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ २ ला साधारण १/३० सेकंद मिळतो. एफ १.४ ला १/६०. एफ १.२ ला १/८० च्या आसपास. एफ २ वरून एफ १.२ वर जाणं म्हणजे दीड स्टॉप, पण एफ १.४ वरून एफ १.२ म्हणजे जेमतेम अर्धा. रेंजफाइंडरला आरशाची आपटाआपटी नसते, त्यामुळे स्थिर हाताचा माणूस १/३० सहज झेलतो. तुमचे फोटो हललेले नसतील तर उजेडासाठी ही लेन्स घ्यायचं कारण संपलं. डिजिटलवर तर दीड स्टॉप म्हणजे आयएसओचं बटण थोडं पुढे सरकवणं.

या लेन्स निघाल्या तेव्हा परिस्थिती वेगळी होती. फिल्म मंद होत्या, आणि जपानी कंपन्यांना जर्मन नावांच्या पुढे जाऊन दाखवायचं होतं. झुनोवने १९५३ मध्ये एफ १.१ काढली, फुजीने १९५४ मध्ये एफ १.२. १९५६ मध्ये कॅननची ही एफ १.२ आली आणि निकॉनची एफ १.१, आणि १९६१ मध्ये कॅननने थेट एफ ०.९५ गाठला. गंमत अशी की ३५ मिमी ट्राय-एक्स बाजारात आली तीही १९५४ सालीच. शर्यत रंगात आली तेव्हा तिच्यामागची गरज हळूहळू ओसरायला लागली होती. आज ही लेन्स घ्यायची तर तिच्या चित्राच्या पोतासाठी घ्यायची, उजेडासाठी नाही.

आता तेच फोटो पुन्हा बघा. किती चौकटी एक ते दोन मीटरच्या अंतरातल्या आहेत? त्यातल्या किती फोकसमध्ये आहेत? एक मीटरवर ५० मिमी लेन्सला एफ २ वर साधारण साडेचार सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट मिळतो, एफ १.२ वर पावणेतीन. जवळचा डोळा स्पष्ट आला तर कान नाही, आणि समोरचा माणूस बोलता बोलता थोडा पुढे झुकला तर डोळाही नाही. एफ २ वरच तुमचा निम्मा रोल चुकत असेल तर एफ १.२ ने तो सुधारणार नाही.

भर उन्हाचंही बघून घ्या. जुन्या बॉडीचा शटर १/१००० च्या पुढे जात नाही. १०० आयएसओच्या फिल्मवरसुद्धा उन्हात एफ १.२ वापरायचं तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर लावावा लागतो. दिवसा रस्त्यावर फिरून फोटो काढणाऱ्याला हे किती दिवस झेपेल, ते त्यानेच ठरवावं.

२. आपला रेंजफाइंडर तपासणं

फास्ट लेन्स किती अचूक फोकस करता येईल, हे रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर आणि व्ह्यूफाइंडरमधून दिसणाऱ्या प्रतिमेचा आकार यांच्या गुणाकारावर ठरतं. लायका एम ३ मध्ये हा आकडा सुमारे ६२ मिमी येतो, ०.७२ पट फाइंडरच्या नंतरच्या एम बॉडीत सुमारे ५०, कॅनन पी मध्ये सुमारे ४१, आणि कोसिनाच्या बेसा आर मध्ये २५ च्या आसपास. बेसा आर हा गुणी कॅमेरा आहे, पण एक मीटरवर एफ १.२ त्याच्यावर सोपवणं मला पटत नाही. चष्मा असेल आणि फाइंडरमध्ये कडा पिसारलेल्या दिसत असतील तर आधी आयपीसला लावायचं योग्य नंबरचं भिंग घ्या. लेन्सच्या मानाने ते फार स्वस्त पडतं.

मग जुळणी बघा. किलोमीटरभर तरी लांब असलेला मोबाइलचा मनोरा किंवा दिवा निवडा, लेन्स अनंतावर ठेवा. दोन प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसायला हव्यात, आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी. उभी चूक फोकस बिघडवत नाही, पण डोळा दमवते आणि त्या नादात फोकस चुकतो. अनंतावर जुळत नसेल तर आधी बॉडी कारागिराकडे द्या. बिघडलेल्या बॉडीवर कुठलीही लेन्स पारखता येत नाही, आणि दोष कुणाचा यावर विक्रेत्याशी वाद तेवढा होतो.

मिररलेसवर वापरणार असाल तर ही पायरी वगळा. तिथे सेन्सरवरचं चित्र मोठं करून थेट फोकस होतो. आट्यांच्या या लेन्सचं बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर फक्त २८.८ मिमी असल्यामुळे त्या बहुतेक सगळ्या मिररलेस बॉडींवर अडॅप्टरने बसतात.

एक छोटी गोष्ट राहते. ही लेन्स जाड आहे. लायकावर ती फाइंडरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घुसते. हूड लावला की आणखी.

३. भावंडं बघणं

या पायरीवर फार रेंगाळू नका, पण टाळूही नका. कॅननचीच ५० मिमी एफ १.४ (पहिली आवृत्ती १९५७) अर्ध्या स्टॉपने मंद, वजनाला हलकी, उघड्या छिद्रावर कितीतरी जास्त स्वच्छ, आणि साधारणपणे स्वस्त. 'मला एक जुनी फास्ट लेन्स हवी आहे' एवढंच ज्याला म्हणायचं आहे, त्याने हीच घ्यावी.

निकॉनची ५ सेंमी एफ १.४ ही झाइसच्या सोनार घराण्यातली. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धाचे फोटो काढणाऱ्या डेव्हिड डग्लस डंकनने निक्कोर लेन्स वापरल्या आणि अमेरिकेत जपानी काचेकडे पाहण्याची नजरच बदलली. हिच्या आट्यांच्या आवृत्तीत एक खुबी आहे: रेंजफाइंडर सुटतो त्याच्याही पुढे, सुमारे दीड फुटापर्यंत ती फिरते. मिररलेसवाल्यांना याचा मोठा फायदा.

सोव्हिएत ज्युपिटर ३, ५० मिमी एफ १.५, हीही सोनारच. चांगला नग लाजवाब, पण कुणीतरी उघडून चुकीचा जोडलेला नग मिळण्याची शक्यता बरीच. तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा साल सांगतात. लायकाच्या आट्यांवर 'कार्ल झाइस येना सोनार' असं कोरलेली लेन्स स्वस्तात दिसली, तर ती नव्याने नाव कोरलेली ज्युपिटर आहे असंच धरून चाला. लाइट्झची सुमारिट एफ १.५ (१९४९) आहे, पण तिच्या काचेवरचा लेप मऊ आणि आतला धुरकटपणा नेहमीचा. एफ ०.९५ या यादीत येतच नाही. ती कॅनन ७ च्या बाहेरच्या बायोनेटसाठी केलेली आहे, आणि लायकावर बसवायची तर लेन्सची तोडफोड करावी लागते.

कॅनन एफ १.२ चा स्वभाव काय? पूर्ण उघडी असताना कॉन्ट्रास्ट कमी, उजळ कडांभोवती मऊ प्रकाशाचं वलय, कोपरे अंधारे आणि विरघळलेले. एफ २.८ किंवा ४ ला तीच लेन्स शहाण्यासारखी वागते. हे वलय ज्याला हवं आहे त्याला दुसरी लेन्स सांगून पटत नाही, आणि पटवू नये. ज्याला ते नको त्याने मात्र 'पुढे एडिटमध्ये बघू' म्हणत घेऊ नये.

४. नग पारखणं

इथे घाई करायची नाही. लेन्स हातात घ्या, दोन्ही टोप्या काढा, छिद्र पूर्ण उघडा. खोली थोडी अंधारी करा. मागून टॉर्च धरा आणि पुढून सरळ न बघता तिरपं बघा, टॉर्च हळूहळू फिरवत. मग लेन्स उलटी करून तेच.

धूळ दिसेल. टॉर्चमध्ये प्रत्येक लेन्स भयानक दिसते, धुळीकडे दुर्लक्ष करा. बुरशी वेगळी ओळखू येते: काठाकडून आत पसरलेले बारीक, फांद्या फुटलेले धागे. काठाला एखादा धागा असेल तर साफ होतो. मधोमध जाळं असेल तर त्याखालचा लेप खाल्लेला असण्याची शक्यता मोठी. कोकण, मुंबई, गोवा इथे वर्षानुवर्षं चामड्याच्या पिशवीत बंद राहिलेल्या लेन्सला हा दोष हमखास असतो. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला अन्नही पुरवतं.

खरा शत्रू धुरकटपणा. काचेवर कुणी श्वास सोडल्यासारखा एकसारखा पांढुरका थर, बहुधा छिद्राच्या पात्यांना लागून असलेल्या काचेवर. फोकसच्या यंत्रणेतल्या जुन्या ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं हळूहळू उडतं आणि या काचेवर बसतं. त्या काळच्या कॅनन लेन्समध्ये ही तक्रार खूप आहे, एफ १.८ तर त्यासाठी कुप्रसिद्धच. थर नुसता वर बसलेला असेल तर कारागीर तो पुसून काढतो. पण काही वेळा काचेचा पृष्ठभागच कोरला गेलेला असतो, आणि मग कितीही पुसलं तरी मळभ तसंच राहतं. लेन्स उघडल्याशिवाय यातलं काय ते कळत नाही. म्हणून धुरकट नगाचा भाव करताना तो थर निघणार नाही असंच धरा. विक्रेता 'साफ केली की निघेल' म्हणाला, तर साफ करून विक म्हणावं.

यात एक फसवी बाब आहे. धुरकट एफ १.२ उघड्या छिद्रावर जे चित्र देते ते त्या लेन्सच्या प्रसिद्ध वलयासारखंच दिसतं. दुकानात दोन-चार फोटो काढून 'काय सुंदर पोत आहे' म्हणणारा माणूस कधीकधी नुसत्या तेलाच्या थराचं कौतुक करत असतो. फरक असा ओळखा: छिद्र एफ ४ वर आणून उजेडाकडे तोंड करून एक फोटो काढा. निरोगी लेन्सचं वलय इथे नाहीसं होतं आणि चित्र घट्ट होतं. धुरकट लेन्स एफ ४ लाही दुधाळ राहते.

काठाशी इंद्रधनुषी कडी किंवा तेलाच्या डागासारखं काही दिसलं, तर दोन काचा जोडणारा बाल्सम सुटत चाललाय. असा नग ठेवून द्या. पुढच्या काचेवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे म्हणजे कुणीतरी शर्टाच्या टोकाने पुसत आलेला आहे. थोडे असतील तर कॉन्ट्रास्ट किंचित उतरतो एवढंच. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र जास्त महागात पडतो. चित्र पिवळसर येत असेल तर थोरियम असलेल्या काचेची शक्यता असते, आणि अतिनील प्रकाशात ठेवून तो पिवळेपणा बराच उतरवता येतो. त्यावरून सौदा मोडायची गरज नाही.

छिद्राची पाती तेलकट असली तरी चालतात. या लेन्समध्ये पाती हाताने फिरतात, एसएलआरसारखी झटकन मिटावी लागत नाहीत. पण आत तेल सुटलंय याची ती खूण आहे, आणि तेच तेल उद्या काचेवर जाणार. फोकसचं कडं जड असेल तर आणखी एक पंचाईत: आट्यांच्या लेन्समध्ये कडं फिरवताना लेन्सच बॉडीवरून सुटायला लागते. शेवटी स्क्रूच्या खाचा आणि नावाच्या कड्यावरच्या खाचा बघा. घसटलेल्या असतील तर लेन्स आधी उघडली गेली आहे. हा दोष नाही. पण कोणी आणि कशासाठी उघडली, हे विचारायचं.

५. दुरून घेत असाल तर

जपानी विक्रेत्यांच्या जाहिरातीत 'एक्सलंट' पुढे पाच अधिक चिन्हं असली तरी तो नग मधल्या दर्जाचा असू शकतो. शब्दांवर जाऊ नका. मागून टॉर्च लावलेला, छिद्र उघडं असताना काढलेला फोटो मागा, पुढून एक आणि मागून एक. असा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. 'हलका धुरकटपणा, फोटोवर परिणाम नाही' या वाक्यातला दुसरा भाग वाचलाच नाही असं समजा. परत करायची मुदत किती आणि परतीचं कुरियर कुणाच्या खर्चाने, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. कस्टम्सची रक्कम बहुधा डिलिव्हरीच्या वेळी भरावी लागते, आणि लेन्स परत केली तरी ती परत मिळेल असं धरू नका.

६. चाचणी

परतीची मुदत चालू असताना फिल्मवर चाचणी करणं वेडेपणाचं आहे, रोल धुऊन येईपर्यंत मुदत निघून जाते. डिजिटल बॉडी उसनी घ्या. एम बॉडीवर बसवायला १ मिमी जाडीचा अडॅप्टर लागेल. ५० मिमीसाठी फाइंडरमध्ये ५०-७५ ची चौकट आणणाराच घ्या. ५० मिमी लेन्समध्ये काच आणि रेंजफाइंडरला लागणारी कड जवळपास सारखीच सरकते, त्यामुळे अडॅप्टर किंचित चुकीचा असला तरी जवळचा फोकस फारसा बिघडत नाही. पण तो जाड असेल तर अनंत मिळत नाही, आणि तुम्ही विनाकारण लेन्सला दोष देता.

टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, एक मीटरवर. पट्टीवरच्या एका आकड्यावर रेंजफाइंडरने फोकस करा आणि पूर्ण उघड्या छिद्राने फोटो काढा. फोकस मोडून पुन्हा जुळवा आणि पुन्हा काढा, असं काही वेळा. एकाच फोटोवर निकाल देऊ नका, त्यात तुमच्या डोळ्याची चूकही मोजली जाते. मग दीड मीटर, तीन मीटर आणि लांबचा मनोरा. सगळ्या अंतरांवर फोकस एकाच बाजूला सरकत असेल तर लेन्सच्या आतल्या पातळ चकत्या बदलून कारागीर ते दुरुस्त करतो. जवळ बरोबर आणि लांब चूक असेल, तर लेन्सचा आणि रेंजफाइंडरचा हिशोबच जुळत नाही. ज्युपिटरमध्ये हे नेहमी दिसतं, कारण ती मूळ कॉन्टॅक्सच्या मापाची. तिथे चकत्या एका अंतराला बरं करतात आणि दुसऱ्याला बिघडवतात.

सोनार घराण्यातली लेन्स असेल तर हीच चाचणी एफ १.५, २, २.८ आणि ४ वर, फोकसला हात न लावता करा. छिद्र लहान करत गेलात की फोकस मागे सरकतो. ही त्या रचनेची सवयच आहे, दुरुस्ती होत नाही. सवय लक्षात ठेवून किंचित पुढे फोकस करायचा, नाहीतर ती लेन्स घ्यायची नाही.

७. भाव

आता तो कागद काढा. लेन्सच्या किमतीत अडॅप्टर, हूड, ५५ मिमीचा एनडी, कस्टम्स आणि एका साफसफाईचा खर्च मिळवा. साफसफाई आधीच झाली आहे असं विक्रेता म्हणत असेल, आणि कुणी व कधी केली हे सांगत नसेल, तरी ती रक्कम धराच. साफसफाईचा दर लेन्स घेण्याआधी कारागिराला विचारून ठेवा. ही लेन्स उघडायला तयार असलेला माणूस तुमच्या शहरात आहे का, हेही त्याच वेळी कळेल.

बेरीज कागदावरच्या आकड्याच्या आत असेल, चौथ्या आणि सहाव्या पायरीवर नग टिकला असेल, आणि पहिल्या पायरीत उघड्या छिद्राचे फोटो तुम्हाला स्वतःला आवडले असतील, तर घ्या आणि परतीची मुदत संपेपर्यंत रोज वापरा. पावसाळ्यात ती पिशवीत नको. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून काटा चाळीस-पन्नासच्या मध्ये राखा.

बेरीज बाहेर जात असेल तर कागदावरचा आकडा खोडू नका. त्याच पैशात कॅननची एफ १.४ बहुधा बसते, आणि तिच्यासाठी चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करायची, टॉर्चसकट.